रीलमध्ये दिसलेल्या चपला

पवनीच्या बाजाररस्त्यावर मनिषचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागची खोली म्हणजे त्याच्या बायकोचं, दामिनीचं समुपदेशन केंद्र. दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, खिडकीला फिकट पिवळा पडदा. दामिनी जवाहरनगरच्या फॅक्टरी-क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. नागपूरला मानसशास्त्र शिकली, तिथल्या एका दवाखान्यात काही वर्षं काम केलं आणि लग्नानंतर पवनीला येऊन तिने पाटी लावली. पाटी वाचून लोक पुढे जात. एक म्हातारे गृहस्थ आत आले, ते पंपाची मोटर जळाली म्हणून.

"पाटी लावून कोण येईल?" मनिष म्हणाला. "मोबाइलवर बोल. इथं गुराख्याच्या हातात पण मोबाइल आहे."

आधी दामिनीला ते पटलं नाही. मनाच्या दुखण्याची जाहिरात करायची म्हणजे तिला कसंसंच वाटे. पण महिनेच्या महिने रिकामी खुर्ची बघितल्यावर तिने एक छोटी रील केली. इथल्या बोलीत, बाजूला बसून बोलावं तसं: "डोकं दुखते त गोळी खाता. मन दुखते त कोणाले सांगता?" ती रील पवनीपासून लाखांदूरपर्यंत फिरली. मग हळूहळू माणसं येऊ लागली. बहुतेक बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी पवनीला येण्याचं कारण कोणाला सांगावं लागत नाही.

दामिनीने स्वतःला नियम घालून घेतले होते. रीलमध्ये कोणाचं नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. कोणाची गोष्ट बदलूनसुद्धा सांगायची नाही. मनिष कधी म्हणायचा की एखाद्या बाईचा अनुभव सांगितला तर लोक जास्त बघतील, तर ती साफ नाही म्हणायची. तो विषय तिथेच संपे.

आसगावच्या शकुंतलाबाई अशाच एका बाजारच्या दिवशी आल्या. नवरा घनश्याम नदीत आणि गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरतो. त्या सुकवलेले मासे बाजारात विकतात. धाकटी बहीण वारल्यापासून त्यांना झोपेत दचकून जाग येई, छाती धडधडे, आता आपण मरणार असं वाटे. दवाखान्यात सगळ्या तपासण्या नीट निघाल्या होत्या. घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, कारण मुलीच्या, खुशबूच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं आणि गावात या खोलीला 'डोक्याचा दवाखाना' म्हणत. मासे विकून झाले की त्या मागच्या बोळातून येत, पदर नीट करून बसत आणि बोलत. अलीकडे त्यांना झोप लागू लागली होती.

एका बाजारच्या दिवशी उतरत्या दुपारचं ऊन दारात छान पडलं होतं. शकुंतलाबाई आत पाणी पीत बसल्या होत्या. त्यांना जरा वेळ बसायला सांगून, दार ओढून घेऊन, दामिनी पायरीवर उभी राहिली आणि तिने झोपेबद्दल एक लहानशी रील काढली. आतलं काही दिसत नाही, याची तिने दोनदा खात्री केली. संध्याकाळी ती टाकली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. पहिलीच होती: "हे त शकुंतलामामीची चप्पल व्हय." तिला आधी अर्थच लागला नाही. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "मामी बाजारात मासे विकते की डोकं दाखवते?" त्याच्याखाली हसण्याची चित्रं.

तिने रील पुन्हा लावली. तिच्या पायांशेजारी, पायरीच्या कडेला, निळ्या रबरी चपला होत्या. एकीचा पट्टा तुटलेला, तो जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने घट्ट गाठ मारून बांधलेला. मासेमार जाळं विणताना मारतात ती गाठ.

रील तिने लगेच काढून टाकली, पण तोवर ती गावाच्या ग्रुपवर पोचली होती. तिने मनिषला सांगितलं.

"चपलेवरून कोणी माणूस ओळखते का?" तो म्हणाला आणि बोलता बोलताच थांबला. तो खेड्यातला. कोणाच्या ओट्याखाली कोणाच्या चपला आहेत यावरून आत कोण बसलंय हे गावात पोरंसुद्धा सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. क्वार्टरमध्ये सगळ्यांच्या चपला दाराच्या आतच असत. दामिनीला हे कधी सुचलंच नव्हतं.

शकुंतलाबाईंना कळवायचं तर कसं? घरात फोन एकच, तो घनश्यामकडे. आसगावला जावं तर तेच लोकांना पुराव्यासारखं होईल. पुढच्या बाजाराची वाट बघण्यावाचून तिच्या हातात काही नव्हतं. बाजाराचा दिवस आला, माशांच्या ओळीत त्यांची जागा रिकामी राहिली.

त्याच्या पुढच्या बाजारी घनश्याम आला. सोबत शकुंतलाबाई होत्या, पण त्या आत आल्या नाहीत, बोळात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दामिनी हात जोडून म्हणाली की चूक माझी आहे. घनश्यामने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"पोरीच्या सोयरिकीवाल्यायनं नाइ म्हटलं," तो म्हणाला. "मायले येड लागलं त पोरीलेबी लागन म्हणते. तुमी मोबाइलवर सांगा, ते इथं मासे द्याले आलती म्हणून. तुमचं सारे लोक आयकते."

कोण आलं, कोण नाही, हे आपण सांगू शकत नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही, असं दामिनी म्हणाली.

"म्हणजे उघडं पाडता येते," घनश्याम म्हणाला, "झाकता येत नाइ."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मग त्याचा आवाज अगदी खाली आला.

"तिले असं काय झालतं मॅडमजी, जे मले नाइ सांगता आलं?"

हा प्रश्न दामिनीला आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त लागला. त्याचंही उत्तर तिच्याजवळ होतं आणि तेही तिला देता येत नव्हतं. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," एवढंच ती म्हणाली.

तेव्हा शकुंतलाबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"विचारलं यायनं," त्या म्हणाल्या. "सांगतलं म्या, तरी पयले काहून नाइ सांगतलं हे यायच्या मनातून जात नाइ. दोघंबी रडलो. पण रील आली तवापासून झोप पुन्हा गेली माही. तुमच्यापाशी आता नाइ बसणार मी. मन मानत नाइ. भंडाऱ्याले दुसरी कोणी असन त सांगा."

रागावून निघून जातील असं दामिनीला वाटलं होतं, आणि ते तिला सोपं गेलं असतं. तिने भंडाऱ्याच्या एका अनुभवी समुपदेशक बाईंना फोन लावला. पलीकडून त्यांनी कोणासाठी म्हणून विचारलं. फोनवर हात ठेवून तिने शकुंतलाबाईंकडे पाहिलं.

"नाव सांगू का?"

"सांगा ना," शकुंतलाबाई म्हणाल्या. "गावभर झालं. तुमालेच कायची लाज?"

दामिनीने नाव सांगितलं. घनश्यामने भंडाऱ्याच्या गाडीची वेळ विचारून घेतली.