पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी

गणितात मी कच्ची नव्हते, उलट जरा जास्तच पक्की होते आणि त्याचा मला माज होता. करमाडहून रोज एसटीनं औरंगाबादला कॉलेजात जायचे, अकरावीला. सरांनी फळ्यावर एक द्विघाती फलन दिलं आणि दोन किमतींच्या दरम्यान त्याच्या बदलाचा सरासरी दर काढायला सांगितलं. शेवटच्या किमतीतून पहिली वजा करायची, मधल्या अंतरानं भागायचं, झालं. माझं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार होतं. वजा सहा.

"वजा सहा म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"उत्तर, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "काढलंस, पण वाचलं नाहीस. काय कमी होतंय? किती वेळात? कुणाचं? तुझ्या घरी काहीतरी कमी होत असेलच. रविवारी दर पंधरा मिनिटांनी मोज आणि सोमवारी आकडे आण."

मला असा राग आला म्हणता! घरी कमी होणारी एकच गोष्ट तेव्हा मला दिसत होती, वडील आणि काकांमधलं बोलणं. ते मोजायला पट्टी नव्हती.

दोघा भावांनी मोसंबीची रोपं एकाच रोपवाटिकेतून आणून एकाच दिवशी लावलेली, मधे फक्त बांध. विहीरही एकच. उन्हाळ्यात ती आटायला लागली की लाइट असेल तेवढ्या वेळात मोटारीनं हौद भरून ठेवायचा आणि सकाळी बुडाची तोटी उघडून पाणी पाटानं बागेत सोडायचं. भरलेला हौद तासाभरात रिकामा व्हायचा. पहिला अर्धा तास थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. पहिली पाळी थोरल्याची हा आमच्याकडचा रिवाज, त्यात कुणी काही विचारायचं नसतं. वडील मनगटावरचं घड्याळ बघून बरोबर अर्ध्या तासाला पाणी काकांकडं वळवायचे, एखादं मिनिट आधीच, पण उशिरा कधी नाही. त्या इमानाचा त्यांना फार अभिमान होता.

तरी दुसऱ्या उन्हाळ्यात आमची झाडं कमरेच्या वर गेली आणि काकांची गुडघ्याशीच पिवळी पडली. काकांनी आधी मातीला नावं ठेवली, मग रोपांना. शेवटी एकदा एवढंच म्हणाले, "दादा, पाणी कुठं मधीच मुरतंय का, बघा जरा." वडिलांच्या ते जिव्हारी लागलं. आपल्याला चोर ठरवलं म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. मग काकांनी सांगून टाकलं, पाडव्यापर्यंत बघणार, नाहीतर झाडं उपटणार आणि शहरात वॉचमनची नोकरी धरणार. मला सायकल काकांनी शिकवलेली, मागून सीट धरून गावभर पळत. ते जाणार हे मला सहन होत नव्हतं, आणि पाडवा तीन आठवड्यांवर आला होता.

रविवारी मी आईची शिवणाची टेप काठीला बांधून हौदाच्या कठड्यावर जाऊन बसले, निव्वळ सरांची खोड मोडायला. सुरुवातीला पाणी अठ्ठेचाळीस इंच. पंधरा मिनिटांनी सत्तावीस. अर्ध्या तासाला बारा, पाऊण तासाला तीन, आणि तास भरला तेव्हा तळ. मी आकडे वहीत उतरवले आणि, खरं सांगते, तेव्हाही वाचले नाहीत.

सोमवारी सरांनी मला फळ्यापाशी उभं करून फरक लिहायला लावले. एकवीस, पंधरा, नऊ, तीन.

"दर खेपेला फरक सहानं घटतोय," सर खूश होऊन म्हणाले. "हेच द्विघाती फलन. पाणी जेवढं उंच तेवढा बुडाशी रेटा जास्त. आता सांग, पूर्ण तासाचा सरासरी दर?"

"मिनिटाला वजा शून्य पूर्णांक आठ इंच."

"पहिल्या अर्ध्या तासाचा?"

"वजा एक पूर्णांक दोन."

"दुसऱ्या?"

"वजा शून्य पूर्णांक चार."

"म्हणजे काय?"

या खेपेला मला कळलं होतं. तासाची सरासरी खोटी नव्हती, पण ती ना वडिलांची होती ना काकांची. "म्हणजे सर," मी म्हणाले, "हौदाचे चार हिस्से केले तर तीन आम्ही घेतो. काकांना एक मिळतो."

वर्ग हसला नाही.

घरी सांगायची मला भीती वाटत होती. वडील जेवून उठल्यावर वही पुढं केली आणि एका दमात बोलून मोकळी झाले. ते भडकलेच. "माझं घड्याळ खोटं म्हणतीस व्हय?"

"घड्याळ खरंय अण्णा. अर्धा तास सारखा हाय. पाणी सारखं नाय."

त्यांनी वही बाजूला सारली आणि पाठ फिरवली.

सकाळी त्यांनीच मला हाक मारली. "काकाला बोलावून आण. म्हणावं, आज पहिली पाळी त्याची."

काका आले, पाणी घेतलं. अर्ध्या तासानं वडिलांनी घड्याळ बघून ते स्वतःकडं वळवलं. पाटातून पाणी रेंगाळत आलं, तिसऱ्या ओळीशी आलं आणि तिथंच जिरलं. वडिलांनी हातातलं खोरं त्या ओल्या मातीत रोवलं.

"दोन उन्हाळं तुला एवढंच येत व्हतं व्हय रे?"

काकांनी बांधावरूनच सांगितलं, "घड्याळ बराबर व्हतं तुमचं, दादा."

माझे वडील तेव्हा रडले. मीही रडले, आणि सरांवरचा सगळा राग त्यात वाहून गेला.

त्याच आठवड्यात हौदाच्या आत चोवीस इंचांवर लाल रंगाची रेघ आली. रेघेच्या वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं, आणि पाळी दिवसाआड बदलायची. वरचं पाणी अठरा मिनिटांत संपायचं आणि खालच्याला बेचाळीस लागायची, पण घड्याळाकडं आता कुणी बघत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करून मी बाहेर आले, तर काका खांद्यावर खोरं टाकून बागेकडं निघालेले. झाडं उपटायलाच चालले, असं मला वाटलं. मी अनवाणीच त्यांच्या मागं पळाले. ते पहिल्या झाडापाशी वाकले, शेंड्याला फुटलेली पोपटी पालवी बोटानं चाचपली आणि बांधापलीकडं वडिलांना हाक मारली.

"दादा, तुमचं बी खोरं आणा. झाडांभवतीची आळी मोठी कराया पाह्यजेत. पाणी मावंना झालंय."