कुलूपवाल्याची सून

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि डब्यातले लाडू कोणी संपवले इथपर्यंत सगळं मी त्याला सांगते. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या गटातले नाही म्हणून. गटातला कोणी हे वाचेल अशी भीती मला नाही. फार तर तो याचा फोटो काढेल.

आमचा गट वाचकांचा. महिन्यातून एका रविवारी सकाळी नंदनवन कॉलनीत देशकर साहेबांच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. साहेब सरकारी इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत, आणि त्यांच्याकडे काचेची मोठी कपाटं आहेत. आधी तर्री-पोहे होतात, मग चहा, मग साहेब चष्मा पुसत विचारतात, "हं, सध्या काय वाचन सुरू आहे?" एकेक जण सांगत जातो. पुस्तकाचं नाव घ्यायचं, लेखकाचं घ्यायचं, "फार अस्वस्थ करणारं आहे" असं म्हणायचं आणि शेजाऱ्याकडे बघायचं. अस्वस्थ झालेला माणूस मी तिथे कधी पाहिला नाही. पोह्यांवर आणखी तर्री मागणारे मात्र भरपूर पाहिले.

उरलेल्या रविवारी व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. पुस्तक जरा तिरपं, शेजारी चहाचा कप, कपाशेजारी चष्मा. आमच्या सेक्रेटरी प्रमिलाताई — त्यांचं एक जाडजूड पुस्तक स्वेटरच्या दिवसांपासून कूलर लागेपर्यंत फोटोत होतं. खुणेची दोरी त्याच पानात. चहा तेवढा दर वेळी ताजा. मी ते फोटो बोटांनी मोठे करून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला त्यात फार सुख मिळायचं. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. या सगळ्या दिखाऊ मंडळींत खरी वाचणारी मीच एक, आणि यांची पोकळी फक्त मलाच दिसते, अशा तोऱ्यात मी त्या सोफ्यावर बसायचे.

तर मी त्यांच्यासाठी सापळा लावला.

एका उन्हाळ्यात साहेबांनी विचारलं आणि मी म्हटलं, "कुलूपवाल्याची सून." असं पुस्तक नाही. मी ते नाव तिथल्या तिथे ठोकून दिलं. लेखकाचं नावही दिलं — ते इथे लिहीत नाही, उगाच त्या नावाचा कोणी भला माणूस निघायचा. वर थोडी गोष्टही सांगितली. गावभराची कुलपं उघडून देणारा एक म्हातारा असतो. त्याच्याच घरातली एक खोली कायम बंद. म्हातारा मरतो, किल्ली सुनेच्या हाती येते, आणि ती रोज त्या दारासमोर बसून भाजी निवडते. दार काही उघडत नाही.

साहेबांनी डोळे मिटले. "वाचलंय," ते म्हणाले. "फार वर्षांपूर्वी. भाषा जबरदस्त आहे, पण शेवट घाईत गुंडाळलाय." शेवट! मी तर अजून केलाही नव्हता. पुढच्या रविवारी प्रमिलाताईंनी लिहिलं की त्यांनी ते पुन्हा वाचायला काढलंय. पुन्हा! दोघातिघांनी त्याखाली पसंतीचे अंगठे टाकले. मी घरात एकटीच हसत होते. किती स्वस्त माणसं — एका नावावर विकली जातात, असं मला वाटलं. आजही वाटतं.

पण थांबा. सापळा म्हटलं ना मी? तेही खरं नाही.

सापळा नंतर सुचला. त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. कित्येक महिन्यांत मी एक पुस्तक धड पुरं केलं नव्हतं. रात्री उशीला टेकून मोबाइल बघायचा आणि झोपायचं — हे माझं वाचन. माझ्याही फोटोत कप होता, चष्मा होता. "सध्या काहीच नाही" एवढंच म्हणायचं होतं. मराठीच्या मॅडमने? त्या प्रमिलाताईंसमोर? तोंडातून भलतंच नाव निघून गेलं. बाकीचे फसले तेव्हा कुठे मी स्वतःची समजूत घातली, की हे मी मुद्दाम केलं.

इथवर आलात तर वाटेल, एवढंच ना? थापा कोण मारत नाही? एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

त्या हॉलमध्ये वनितापण होती.

वनिता माझी विद्यार्थिनी. वर्षभर माझ्या वर्गात होती, मग लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. कन्हानला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं वह्या-पेनांचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांनी बसस्टँडवर भेटली, वाकून नमस्कार केला, आणि मी तिला गटात बोलावलं. का? तिने शिकावं म्हणून? मला माझ्याकडे मान वर करून बघणारं कोणीतरी हवं होतं, दुसरं काही नाही. ती कन्हानहून बसने यायची, पुढे ऑटोने, इस्त्रीची साडी नेसून. दरवाज्याजवळच्या खुर्चीवर बसायची. तिची पाळी आली की म्हणायची, "मी अजून थेच पुस्तक वाचून राहिली जी. अर्ध्यात आली." एकदा तर सरळ म्हणाली, "या महिन्यात काहीच नाही वाचलं. शाळा उघडल्या ना, दुकानात लय गर्दी होती." सगळे सांभाळून घेतल्यासारखे हसले. मीही हसले. त्या हॉलमध्ये ते वाक्य तिच्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं, तरी हसले.

कुलूपवाल्याची सून तिने मनावर घेतली. त्याच दिवशी जिन्यात मला गाठून तिने विचारलं, "मॅडम, मंग उघडते का थे दार?" मी म्हटलं, "वाच ना. सांगितलं तर मजा जाईल." किती सहज निघालं तोंडातून! वर्गात असंच म्हणायचे ना मी.

मग ती शोधायला लागली. वाचनालयात विचारलं. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांवाल्यांकडे गेली, तिथे ढिगाऱ्यात बसून शोधलं. वह्यांचा ठोक माल देणारा एक माणूस पुण्याला जायचा, त्याला सांगून ठेवलं. हे सगळं ती मला फोन करून सांगायची — दुकानातलं गिऱ्हाईक सांभाळत, मध्येच "पाच रुपयेवाली का दहावाली?" असं कोणाला तरी विचारत. दर फोनला मी तिला थांबवू शकत होते. एक वाक्य लागलं असतं. मी म्हणायचे, "मिळेल गं, बघत राहा." आणि सांगू? मला बरं वाटायचं. माझ्या एका थापेमागे कोणीतरी इतकं फिरतंय, याचं बरं वाटायचं.

थंडीत एका रविवारी बैठक होती. टीपॉयवर संत्र्यांची टोपली होती. प्रमिलाताईंनी आपल्या पाळीला पुन्हा त्या पुस्तकाचं नाव घेतलं, सुनेच्या व्यक्तिरेखेबद्दल दोन वाक्यं बोलल्या. तेव्हा वनिता दरवाज्याजवळून म्हणाली, "मॅडम, मी सगळीकडं विचारलं. कोणालेच माहीत नाही. असं पुस्तक आहे ना खरंच?"

ती मला विचारत होती. तिच्या आवाजात संशय नव्हता. मॅडम सांगतील तेच खरं, अशा विश्वासाने ती विचारत होती.

साहेबांचा हात संत्र्यावर थांबला. प्रमिलाताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. याच क्षणाची ना मी वाट बघत होते? घरी मनातल्या मनात मी तो कितीदा रंगवला होता — मी शांतपणे म्हणते, "नाही, असं पुस्तकच नाही," आणि एकेकाचा चेहरा पडतो. आता नुसतं तोंड उघडायचं होतं.

साहेब हसले. "म्हणजे आम्ही काय हवा वाचली?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते बघणं मला कळलं. हे पडणार होते, पण सगळ्यांत आधी मी पडणार होते. ते नाव पहिल्यांदा घेतलं कोणी?

मी म्हटलं, "वनिता, सगळीच पुस्तकं वह्या-पेनांच्या दुकानात मिळत नाहीत गं."

हेच ते. हे वाक्य सांगायला मी एवढा फेरा घेतला.

हॉल हसला. सुटल्यासारखा, जोरात हसला. साहेबांनी मांडीवर थाप मारली. प्रमिलाताईंनी मोठ्या मनाने एक संत्रं उचलून वनिताला दिलं. आणि वनिताही हसली — सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. "हो जी, बरोबर आहे," म्हणाली. तिने संत्रं सोललं, साली नीट एका बशीत ठेवल्या, आणि बैठक संपेपर्यंत मान खाली घालून एकेक फोड खात राहिली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. दुकान सोडून निघता येत नाही, असा निरोप आला. मग निरोपही बंद झाले. गटात कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. साहेबांचे गुडघे गेले, आता अध्यक्ष मी आहे. तो प्रश्न आता मी विचारते. गेल्या वर्षी आलेल्या एका नव्या बाईंनीसुद्धा कुलूपवाल्याची सून वाचलं आहे; त्यांना त्यातली प्रतीकं आवडली. मी मान डोलावली. या माणसांची मला किळस येते, आणि त्यांच्या मधोमध, पंख्याखालच्या सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर मी बसते. घरी येऊन बेसिनवर तोंड धुताना आरशात जी बाई दिसते, तिची किळस त्यांच्यापेक्षा जास्त येते. त्यांनी नुसती थाप मारली. मी ती थाप वाचवण्यासाठी एका माणसाला खाली दाबलं.

यंदा कामठीला एका लग्नात वनिता भेटली. केस पिकले आहेत. मी पाहून न पाहिल्यासारखं करणार होते, पण तीच आली, वाकली, आणि शेजारच्या आपल्या जावेला म्हणाली, "ह्या माह्या मॅडम. यायनंच मले वाचाले लावलं." मग मंडपाबाहेर मला सोडायला आली आणि चालता चालता म्हणाली, "मॅडम, थे पुस्तक काही भेटलं नाही. राहू द्या आता. मले फक्त येवढं सांगा — थे दार उघडते का?"

रस्ता मोकळा होता. आजूबाजूला गटातलं कोणी नव्हतं. मला कशाचीच भीती नव्हती.

"नाही उघडत," मी म्हटलं.

ती थांबली. खरोखर विचारात पडली. "काहून?" तिने विचारलं. "किल्ली तर तिच्या हाती होती ना?"

पुस्तकात ते दिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, आणि माझ्यासाठी ऑटो थांबवायला ती रस्त्यावर गेली.