अंड्याच्या दिवसांत साद

“बस खाली. काढ तित्तराचा आवाज.”

वनरक्षक माझ्या आबाला म्हणाला. आबा साठीचा. हा माझ्या वयाचा. मागं जीपमधनं पुण्याचे पाव्हणे उतरत व्हते, गळ्यात कॅमेरे.

बारामती तालुक्यात हरणांसाठी राखलेला माळ हाय. त्याच्या कडंला आमची सात घरं, फासेपारध्यांची. माळ राखीव झाला तवा आबानं फासे आपल्या हातानं चुलीत घातले. तरी हरीण मेलं की पयली झडती आमच्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी! भांडीकुंडी उधळायची, काय घावलं न्हाय की निघून जायचं. कागद न्हाय, माफी न्हाय.

आबानं हात जोडले. “सायेब, अंड्याचे दिवस हाईत. साद ऐकली की नर भांडाय पळतो, मादी एकटी पडते. ह्या दिवसांत आमी कधीच साद घालत न्हाय.”

“घ्या! पारधी आता आमाला पाखरं राखायला शिकवणार!”

पाव्हणे हसले. एक बाई लाडानं म्हणाली, “एकदाच करा ना, काका.”

आबा उकिडवा बसला. तोंडाशी हात नेला. झुडपातनं नर धावत आला. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. वनरक्षकानं आबाच्या पाठीवर थाप मारली. “आधी शिकार करायचे. आमीच माणसात आणलं ह्यांना.”

माणसात! माझ्या अंगाची लाही झाली. इंदापूरकडं कंपनीत पॅकिंगला जाते मी, सुपरवायझरलाबी उलटं बोलते. आन तितं माझी दातखीळ बसली. त्याची लाज आजबी वाटते.

पुढच्या रविवारी परत हॉर्न वाजला. आबा मुकाट्यानं चपला घालाय लागला. मी दारात आडवी झाले.

“आबा येणार न्हाय.”

वनरक्षक म्हणाला, “मग पुढचं हरीण मरू दे. बघतो तुमच्याकडं.”

“पोरी, दोन मिंटाचं काम हाय. जाऊ दे मला,” आबा कुजबुजला. मला त्याचाबी राग आला. किती वाकायचं माणसानं? मी हलले न्हाय. जीप आबाबिगरच गेली. आबा भ्यालाय. शेजारचेबी म्हणतात, पोरीनं वस्तीवर संकट आणलं.

झडती येणार, मला ठावं हाय. येऊ दे. भांडं न् भांडं मीच उघडून दाखवीन. पण ‘काही सापडलं नाही’ हे वनरक्षकाच्या हातानं लिहून घेणार. सही केल्याबिगर जीप हलू देणार न्हाय.