डोलकाठीच्या खोबणीत

भाऊसाहेब भोईट्यांना कुणी कामधंदा विचारला की ते म्हणत, "बेअरिंगं धुतो." ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. पण माणूस शब्दाला पक्का होता. दिल्लीजवळच्या सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांमध्ये एक तळं आहे. तिथल्या बोट क्लबात शिडाच्या नऊ कयाक होत्या, आणि त्या नऊंच्या अठरा बेअरिंगांना रोज आंघोळ घालणं हे गेली आठ वर्षं त्यांचं काम होतं.

त्याआधीची चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गेली. फलटणजवळच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला पोरगा ट्रकांच्या पोटाखाली आडवा पडून पडून हवालदार झाला. रिटायर झाल्यावर गावी जायचं रोज ठरे आणि रोज राही. आधी लेकीचं, हेमांगीचं कॉलेज, मग हेमांगीचा कसलासा कोर्स. दिल्ली कँटोन्मेंटचं क्वार्टर सुटलं तेव्हा तिथून जवळच सागरपुरात दोन खोल्या घेतल्या आणि गावचा विषय मिटला.

आता या बेअरिंगाचं जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच फिरतं. शिडाची कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. तिच्या मधोमध एक खोल खोबण असते, त्या खोबणीत डोलकाठी उभी करायची. खोबणीच्या तोंडाशी एक प्लास्टिकचं कडं आणि तळाशी एक वाटी, ही तिची दोन बेअरिंगं. वारा वाढला की बसल्या जागेवरून दोरी ओढायची, काठी स्वतःभोवती फिरते आणि शीड तिच्यावर गुंडाळलं जातं. काठी अडली तर शीड उघडंच राहतं, आणि मग वारा म्हणेल तसं.

पहिल्या वर्षी भाऊसाहेबांनी फौजी सवयीने सगळ्या वाट्यांना ग्रीस फासलं. ग्रीसला तळ्यातली रेती चिकटली आणि आठवड्यात नऊच्या नऊ काठ्या कण्हू लागल्या. क्लबाचे कोच राजीव सर पोट धरून हसले. "भाऊसाहेब, ये ट्रक नहीं है. इसको सिर्फ साफ पानी चाहिए." भाऊसाहेबांना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी ग्रीसचा डबा क्लबात येऊ दिला नाही. रोज संध्याकाळी काठ्या उपसायच्या, खोबणीत नळाचं पाणी ओतायचं, पानिपतच्या टॉवेलचे तुकडे काडीला गुंडाळून वाटी पुसायची आणि शेवटी करंगळी घालून तपासायचं. एक कण जरी लागला तरी पुन्हा पाणी. एकदा वाटी झिजली तर करोल बागेच्या गल्ल्या पालथ्या घालून त्यांनी लेथवर काम करणाऱ्या एका खरादवाल्याकडून नायलॉनची नवी वाटी करून आणली, आणि ती मूळच्यापेक्षा सरस निघाली. ती त्यांनी सात नंबरच्या कयाकमध्ये बसवली. सात नंबर हेमांगीची होती.

हेमांगी बापाबरोबर रविवारी क्लबात यायची ती होडीत कधी बसली आणि शीड धरायला कधी शिकली, हे भाऊसाहेबांनी बायकोला दोन वर्षं कळू दिलं नाही. प्रभाताईंचा धाकटा भाऊ नवव्या वर्षी कालव्यात गेला होता. पाण्याचं नाव काढलं की त्या उठून आत जात. कळलं तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. नंतर अबोला सुटला, पण पोरीने क्लबाचा विषय काढला की त्यांचा चेहरा तस्साच दगडी व्हायचा.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. एका नव्या केंद्रात शिडाच्या होड्या शिकवायला एक जागा निघाली. जागा एकच, पक्की, आणि वयाची अट अठ्ठावीस. हेमांगीला डिसेंबरात अठ्ठावीस पुरी होत होती. चाचणी याच तळ्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांना वळसा घालायचा, मध्ये शीड अर्धं गुंडाळायचं, पुन्हा उघडायचं आणि परत यायचं.

"आई, बस ये एक बार," हेमांगी म्हणाली. "एकदा बघ तरी मी काय करते. बिल्कुल डेंजरस नाहीये यार."

प्रभाताई उठून आत गेल्या. पण दसऱ्याला सकाळी त्या नवी साडी नेसून, हातात पूजेचं ताट घेऊन दारात उभ्या. "चला," म्हणाल्या, "हत्यारांची पूजा घरात करतोच. आज तिच्या होडीची करू."

भाऊसाहेबांना त्या दिवशी काय करू आणि काय नको असं झालं. क्लबातली इतर मंडळी सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा करून लाडू खाऊन मोकळी झालेली. आपलं माणूस आपल्या कामाच्या जागी पहिल्यांदा आलं होतं. त्यांनी सात नंबरची खोबण आल्या आल्याच धुतली होती, तिच्या तोंडात चिंधीचा बोळा होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि ऐटीत म्हणाले, "हे बघ. सगळी होडी ह्याच्यावर आहे. इथे पूजा कर."

हेमांगी चाचणीसाठी नाव नोंदवायला ऑफिसात गेली होती. प्रभाताईंनी होडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग डोळे मिटले, मूठभर हळदीच्या अक्षता घेतल्या आणि खोबणीत सोडल्या. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "सांभाळ रे बाबा माझ्या लेकीला," त्या होडीलाच म्हणाल्या. भाऊसाहेब दुसरीकडे बघू लागले, कारण त्यांचेही भरले होते.

दुपारी राजीव सरांनी हाक दिली. सगळ्या कयाक शीड चढवून तयार ठेवायच्या, परीक्षक तपासून चिठ्ठी बांधणार, त्यानंतर उमेदवाराखेरीज कुणी हात लावायचा नाही. भाऊसाहेबांनी डोलकाठी हातात घेतली. खोबण धुवावी असं त्यांच्या मनात आलंच. आठ वर्षांत न धुता काठी घातली नव्हती. पण दसऱ्याला पुजलेलं हत्यार त्या दिवशी धुवायचं नाही, हे वडिलांपासून चालत आलेलं, फौजेतही त्यांनी मोडलं नव्हतं. शिवाय प्रभाताई समोर बसल्या होत्या. तांदळाच्या दाण्यांचं ते काय, असं म्हणून त्यांनी काठी घातली. फिरवून पाहिली. फिरली. जराशी किरकिर ऐकू आली. ती त्यांनी ऐकली आणि ऐकली नाही असं केलं.

तळाच्या वाटीत सकाळच्या गडबडीत पुसायचं राहिलेलं घोटभर पाणी होतं. रात्रभर दाणे त्यात भिजत पडले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब किनाऱ्यावर बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, लोकांत उभे होते. प्रभाताई आल्या नव्हत्या, देवापाशी बसते म्हणाल्या. ऑक्टोबरात दिल्लीकडे वारा म्हणजे नावाला. पहिल्या दोन बोया हेमांगीने अशा घेतल्या की राजीव सरांनी वळून भाऊसाहेबांना अंगठा दाखवला. आणि तेवढ्यात टेकडीच्या खिंडीतून वारा सुटला. वर्षभर नेमका हवा तेव्हा न येणारा वारा, त्या दिवशी आला.

हेमांगीने शीड गुंडाळायची दोरी ओढली. काठी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. काठी थोडी फिरली आणि थांबली, आणि पाण्यावरून तो आवाज किनाऱ्यापर्यंत आला. बाकीच्यांना तो ऐकूही आला नसेल. भाऊसाहेबांनी तो ओळखला. आवाज तळाच्या वाटीचा होता, आणि वाटीत काय आहे ते त्यांना त्याच क्षणी समजलं.

"काठी वर उचल!" ते ओरडले. "दोन बोटं उचल आणि मग फिरव!"

"बाहर से कोई नहीं बोलेगा," परीक्षक म्हणाले.

भाऊसाहेब गप्प झाले. चोवीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस, दुसरं काय करणार? हात मात्र आपोआप पुढे झाले होते, कोपरात वाकलेले, काठी धरल्यासारखे. शंभर पावलांवर पोरगी होती, तिला काय झालंय ते जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं, आणि तिथे उभं राहण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. उघडं शीड वाऱ्याने भरलं, होडी कलली आणि उलटली. लाइफजॅकेटमुळे हेमांगी लगेच वर आली. मोटरबोटीने तिला आणि होडीला ओढून आणलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

किनाऱ्यावर भाऊसाहेबांनी काठी उपसली. ती सहज निघेना, पाय लावून ओढावी लागली. टोकाला पिवळा, चिकट गोळा माखलेला होता. दाण्यांचा पार लगदा झालेला, हळद तेवढी उरली होती. हेमांगी ओल्या केसांनी बाजूला उभी थरथरत होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं. "बाबा, ग्रीस लावलंत?"

भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे प्रभाताईंची मूठ आली. एक भाऊ पाण्याने नेला, आणि आता लेकीची नोकरी आपल्या हाताने गेली, एवढं त्या बाईला पेलणार नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "जरासं लावलं. म्हटलं, मोकळी फिरेल."

हेमांगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? तुम्हीच शिकवलंत ना मला, ग्रीस कधीच नाही म्हणून?" तिचा आवाज फाटला. "आजच्याच दिवशी?"

त्यांनी टॉवेलच्या तुकड्याने टोक पुसलं आणि तो तुकडा खिशात कोंबला. राजीव सरांनी नुसती मान हलवली. ते हसले असते तरी चाललं असतं. सागरपूरपर्यंत दोन बस झाल्या, दोन्हीत हेमांगी वेगळ्या बाकावर बसली.

घरी प्रभाताईंनी चेहरे पाहूनच ओळखलं. मग कसं झालं ते विचारलं, आणि ग्रीसचं ऐकल्यावर त्यांचा तोल गेला. "सगळा जन्म सरकारच्या गाड्या दुरुस्त केल्यात," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या पोरीची एक होडी नीट ठेवता आली नाही? मी माझं भ्याड मन गुंडाळून तिथे आले, देवापुढे पदर पसरला, आणि तुम्ही असं केलंत?" भाऊसाहेब खुर्चीत बसून ऐकत होते. सगळं खरं होतं. फक्त कारण खोटं होतं, आणि ते त्यांनीच दिलेलं.

बोलून बोलून प्रभाताई थकल्या. देवघरातून कालचं ताट उचललं आणि हेमांगीपाशी येऊन बसल्या. "जाऊ दे गं," म्हणाल्या. "जिवानिशी आलीस, तेवढं बास." आणि ताटात उरलेल्या अक्षता त्यांनी लेकीच्या डोक्यावर टाकल्या.

एक दाणा तिच्या घामेजल्या कपाळावर चिकटला. हेमांगीने तो बोटाने काढला. टाकून द्यायला गेली आणि थांबली. दाणा दोन बोटांत चिरडला तर बोटांना पिवळं लागलं. ती ते पिवळं बघत राहिली. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं, त्यांच्या खिशाकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी नकळत खिशावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको, एवढंच.

हेमांगीचे डोळे वाहू लागले. आईने ते पदराने पुसले.

"आई," तिने डोकं आणखी खाली वाकवलं, "अजून टाक थोड्या."