एका शिदोरीवरची कराची

आमच्या आष्टीत तेव्हा वाट कोसांत कोणी मोजत नसे, शिदोरीत मोजत. बैलगाडीनं परतूर एका शिदोरीची वाट, जालना तीन. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत माझा थोरला भाऊ कराचीला विमानतळावर कामाला लागला आणि त्यानं ऐटीत पत्र धाडलं, 'इथून सकाळी उडालेलं विमान दिवस मावळायच्या आत हैदराबादेला उतरतं.' पत्र मीच वाचून दाखवलं.

मायनं लगेच मोजलं. "म्हंजी एकाच शिदोरीची वाट. माझा लेक तर जालन्याहून जवळ हाय."

विमान उतरतं, लेक नव्हे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हसलो आणि गावभर सांगत सुटलो.

पुढच्या वैशाखात दिवेलागणीला बाप गेला. दोन वर्षं तो अंथरुणाला खिळला होता, त्याचं सगळं मीच काढलं. रातोरात घोड्यावर माणूस पाठवून परतूरच्या स्टेशनातून भावाला तार केली. सकाळी तिरडीसाठी बांबू आणले, तर माय उंबऱ्यात आडवी.

"थोरला येऊन राह्यला. अग्नी त्योच देईल."

"माय, दादा रेल्वेनं येनार. चार दिस लागतील."

"पत्र तूच वाचलं ना? आज दिस मावळता हैदराबाद, रातच्या गाडीनं उद्या सकाळी परतूर. बिलकुल येतो."

मी समोर उभा होतो, तिच्याच पोटचा, धडधाकट. जाणत्यांनी समजावलं की थोरला नसेल तर धाकट्यानं द्यावा, काही अडत नाही. ती हलेना. मढं घरात म्हणून चूल बंद, वर वैशाखातलं ऊन. तिसऱ्या प्रहरी वास सुटला, तेव्हा बायकांनी तिला धरून बाजूला नेलं. चोरीचा माल लपवायला न्यावा तसा मी माझा बाप घाईघाईनं नेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माय परतूरच्या वाटेकडं तोंड करून बसली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

भाऊ पाचव्या दिवशी आला. अंगावर कोळशाची काजळी, डोळे सुजलेले.

"इतके दिस कुठं व्हतास?" मायनं विचारलं.

"गाडीतच व्हतो, माय. इमानात मी कधी बसलोच न्हाई. मी त्याची चाकं पुसतो."

मला वाटलं, आता तरी ती माझ्याकडं बघेल. बघितलंच तिनं.

"ह्यानं पत्र बराबर वाचलं न्हाई," ती त्याला म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जगली तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच सांगायची, की धाकट्याच्या वाचण्यापायी थोरल्याच्या हातचा अग्नी हुकला. अग्नी दिला कोणी, हे तिनं एकदाही सांगितलं नाही. मेलेल्या आईवर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे, आणि सोडायचा माझा विचार नाही.