गालाची जागा

गिऱ्हाईक परत पाठवण्यात राजेसाबांचा हात धरणारा दुसरा दुकानदार सोलापुरात सापडायचा नाही. सात रस्त्यामागच्या एका बोळात त्यांचा गाळा आहे. आत भुसा, सरसाचा डबा, पोट उघडून ठेवलेली एखादी हार्मोनियम, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या फळ्या. नवीन वाद्य करून मागायला कुणी आलं की राजेसाब मान हलवत म्हणायचे, कशाला उगाच, रेडीमेड घ्या की, आजकाल लई चांगले मिळतात. माणूस दोन पायऱ्या उतरून गेला की हे पुन्हा भाता चिकटवायला मोकळे.

लोकांनी याचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावला होता. म्हातारा प्रामाणिक आहे, घरबसल्या येणारं काम सोडून गिऱ्हाइकाचं भलं बघतो, असं बोळात बोललं जाई. ऐकून बरं वाटावं असंच बोलणं होतं, पण राजेसाबांना ते अर्धंच ऐकू यायचं, आणि खरी गोष्टही तीच होती. दोन वर्षांपासून त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा निम्मा. लाकडावर बोटाचा टकोरा मारून लाकूड ओळखणारा हा माणूस. आता टकोरा मारला की बोटाला कळायचं, कानाला नाही.

कळलं तेही वाईट तऱ्हेनं. भजनी मंडळाच्या कोंडीबाला त्यांनी हार्मोनियम नवी करून दिली होती. पंधरा दिवसांनी कोंडीबा ती घेऊन परत आला, वरच्या दोन पट्ट्या जरा बघता का म्हणाला, आणि मग खाली मान घालून बसून राहिला. एवढ्या वर्षांत राजेसाबांच्या हातची पेटी बेसूर निघाली नव्हती. कोंडीबानं हे कुणाला सांगितलं नाही आणि राजेसाबांनीही नाही. बायकोलासुद्धा नाही. त्या दिवसापासून नवीन काम बंद, नुसता भाता, बिजागरी, खिळा. सुरांशी संबंध नको.

अशा या माणसाकडे एका सोमवारी रेश्मा आली. माढा तालुक्यातली फिरती शिक्षिका. जी मुलं शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे तिचं काम. आठवड्यात पंधरा-वीस घरं, सगळी स्कूटीवरून, आणि पाठीला गिटार. गिटार चांगली होती पण मोठी. उसाच्या ट्रॉलीला घासून गिटारीच्या बगलेला चीर गेली होती. रेश्मानं मोबाईलवर एक छोटी गिटार दाखवली, प्रवासासाठीच केलेली, पाठीवरच्या पिशवीत मावणारी. ती म्हणाली, चाचा, ही मागवू की तुम्ही करून द्याल? माझं मन दोन्हीकडे ओढतंय.

राजेसाबांनी तिच्या ओठांकडे बघत बघत सगळं समजून घेतलं. रेडीमेड घ्या हे जिभेवर आलंच होतं. पण ही बाई हट्टी दिसत होती, तिनं का म्हणून विचारलं असतं. म्हणून त्यांनी दुसरी युक्ती काढली आणि भिंतीवरची एक फळी खाली घेतली.

ही फळ्यांची पद्धत त्यांच्या वडिलांची. वीणा असो की एकतारी, नवीन वाद्य करायचं तर आधी त्याच मापा-आकाराची, त्याच वजनाची एक कोरी फळी कापायची. पॉलिश नाही, रंग नाही. गिऱ्हाइकानं ती आठ दिवस वागवायची. जिथं वाद्य न्यायचं तिथं फळी न्यायची, मांडीवर घ्यायची, वाजवल्यासारखं करायचं. जुनं वाद्य तोवर दुकानात, म्हणजे पळवाट नको. आठ दिवसांनी फळीवर हाताचा घाम कुठं, पट्टा कुठं घासला, मांडी कुठं टेकली, सगळं उमटलेलं असतं. गिऱ्हाईक तोंडानं काहीही सांगो, खरं ते फळी सांगते. शिवाय निम्मे लोक आठ दिवसांतच कंटाळून रेडीमेड घेतात. राजेसाबांची सगळी मदार या निम्म्या लोकांवर होती.

रेश्मा काही त्या निम्म्यांतली निघाली नाही. पुढच्या सोमवारी ती फळी घेऊन हजर. राजेसाब मनात चरफडले आणि फळी उजेडात धरून बघू लागले. कोपराचा डाग, बरोबर. मांडीचा, बरोबर. पट्ट्याचा ओरखडा जरा वर होता, तोही समजला. पण दांडीजवळ, वरच्या खांद्याशी, म्हणजे पोट दांडीला मिळतं तिथं, एक वाटोळा तेलकट डाग होता, पुरीएवढा. वाजवणाऱ्याचा हात तिथं पोचतच नाही. हनुवटी म्हणावी तर जागा चुकीची. राजेसाबांनी चाळीस वर्षांत शेकडो फळ्या वाचल्या होत्या, असला डाग पाहिला नव्हता.

त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय.

रेश्मानं फळी जवळ ओढून तो डाग बघितला. मग सांगू लागली, आणि राजेसाब खुर्ची पुढे ओढून तिच्या समोर बसले, एक शब्द सुटू नये म्हणून.

माढ्याच्या अलीकडे एका वस्तीवर शिवबाई नावाची पोरगी आहे, आठ वर्षांची. आजीचं नाव ठेवलंय तिला. पायांत जोर नाही आणि जन्मापासून ऐकू येत नाही. रेश्मा गिटार घेऊन गेली की वस्तीवरची बाकीची पोरं गाणं म्हणतात. शिवबाई काय करते, तर बाजेवरून सरकत येऊन गिटारीच्या खांद्यावर गाल टेकवते आणि डोळे मिटून घेते. तेवढा वेळ ती हलत नाही. फळीच्या आठ दिवसांत रेश्मा त्या घरी तीनदा गेली होती. चाचांनी सांगितलंय म्हणून तिनं मांडीवर फळी घेतली, बोटं चालवल्यासारखी केली.

"तिनं गाल टेकवला की," रेश्मा म्हणाली. "वाट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग दुसरा गाल लावून बघितला. मला वाटलं पुढच्या वेळी कळेल तिला, सोडून देईल. तिन्ही वेळा तसंच केलं, चाचा. तिसऱ्या वेळी तर जोर लावून दाबून धरला."

तिनं शहरातल्या एका दुकानात जाऊन छोटी रेडीमेड गिटारही वाजवून पाहिली होती, स्वतःचा गाल लावून. आवाज गोड होता. गालाला मात्र फारसं काही पोचलं नव्हतं. म्हणून तर ती परत आली होती.

राजेसाब बराच वेळ त्या डागावरून अंगठा फिरवत राहिले. मुक्या लाकडाला गाल लावून बसलेली पोर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आपण माप घेतलं ते वाजवणारीचं, ऐकणारीचं कुणी घेतलंच नाही, हेही त्यांना लागलं. त्यात वडिलांनाही सोडता येत नव्हतं. सगळ्या घराण्याचीच ती चूक होती.

"रेडीमेड वाईट न्हाय, बाई," ते शेवटी म्हणाले. "पर ती कानासाठी केलेली हाय. तीन आठवड्यांनी या."

ती गेल्यावर त्यांनी गाळ्याचं दार लोटून घेतलं. चीर सांधलेली तिची मोठी गिटार मांडीवर घेतली, खांद्यावर जबडा टेकवला आणि जाड तार छेडली. आवाज आला. कानातून नव्हे, दाढेतून, गालफडाच्या हाडातून वर चढत आला, आणि पुरता आला. दोन वर्षांत असा आला नव्हता. तेव्हा त्यांना वडील आठवले. जत्रेच्या गोंगाटात वीणा लावताना ते दांडीला दात टेकवायचे. लहानग्या राजेसाबांना वाटायचं, ही अब्बांची एक खोड आहे. राजेसाबांनी डोळे पुसले, दुसरी तार छेडली, मग तिसरी. बाहेर कोणी दार वाजवलं असेल तर ते त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

काम सुरू झालं. जुन्या मोडीत काढलेल्या पेटीचं देवदार वरच्या फळीला, पाठीला तूनचं लाकूड. अंग लहान, पण खांद्यापाशी जरा खोल. वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या त्यांनी चार वेळा लावल्या आणि चार वेळा काढल्या. प्रत्येक वेळी जबडा टेकवायचा, टकोरा मारायचा, डोळे मिटून बसायचं. थरथर गालाशी येऊन थांबली पाहिजे, पोटातच विरता कामा नये. साठी उलटलेला माणूस अर्ध्या केलेल्या लाकडाला गाल लावून बसलाय, हे दृश्य काही फार रुबाबदार नव्हतं.

ते नेमकं त्यांच्या बायकोनं, अजीजाबींनी, पाहिलं. दुपारी चहा घेऊन त्या गाळ्यात येत आणि राजेसाबांच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसत. आधी त्या डावीकडे बसायच्या. खिडकीतनं वारं येतं म्हणून त्यांनी स्टूल हलवलं होतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, गालाला काय झालं. राजेसाब सुचेल ते बोलून गेले, दाढ दुखतेय म्हणाले. झालं. दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर दोन लवंगा येऊ लागल्या. दाढेखाली धरा, असा हुकूम. तीन आठवडे राजेसाबांनी निमूटपणे लवंगा चघळल्या. जीभ बधिर झाली, चहाची चव गेली, पण खोटं बोललेल्या माणसाला तक्रार करायची सोय नसते.

गिटार तयार झाली. सगळीकडे हलकं पॉलिश, फक्त खांद्यावरची पुरीएवढी जागा कोरी ठेवली, हातानं घासून घासून मऊ केलेली. रेश्मा न्यायला आली तेव्हा राजेसाब स्वच्छ सदरा घालून, टोपी घालून पायरीवर उभे. आपण बरोबर येणार, असं त्यांनी जाहीर केलं. वाद्य पोचवायला ते आजवर कुणाच्या दारी गेले नव्हते. रेश्मानं काही विचारलं नाही. माढ्यापर्यंत एस.टी., तिथून तिच्या स्कूटीवर मागं बसून, एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं गिटार धरून वस्तीवर पोचेपर्यंत म्हाताऱ्याची कंबर ढिली झाली.

शिवबाई ओसरीत बाजेवर होती. तिची आई मुक्ताबाई पाणी घेऊन आली आणि पाहुण्यांकडे कुतूहलानं बघत दाराशी उभी राहिली. रेश्मानं पिशवीतून गिटार काढली. पोरीनं आधी तिच्या आकाराकडे संशयानं पाहिलं. फळी याच मापाची होती. त्या फळीचा राग यायला पोरीला पूर्ण कारण होतं. ती सरकलीच नाही. रेश्मानं एक तार छेडली, मग दुसरी, आणि थांबली. राजेसाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आता नाही आली तर, एवढंच त्यांच्या मनात होतं. मग कान गेले तसे हे हातही गेले म्हणायचे.

थोड्या वेळानं शिवबाई सरकत आली. कोऱ्या जागेवर तिनं तळवा फिरवला. मग गाल टेकवला, अगदी हलका, फसवणूक झाली तर लगेच उचलता यावा असा. रेश्मा वाजवू लागली. पोरीचे डोळे एकदम मोठे झाले आणि हळूहळू मिटले. तोंड किंचित उघडं राहिलं. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिवबाईनं डोळे उघडले तेव्हा समोर टोपीवाला म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत होता. तिनं हात पुढे केला, गिटारीच्या दुसऱ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. तुम्हालाही ऐकायचंय का, असं ती विचारत होती. तिच्या लेखी ऐकायचा हाच रस्ता, सगळ्यांसाठी एकच.

राजेसाब बाजेशेजारी जमिनीवर बसले, टोपी काढली आणि गाल टेकवला. मध्ये वीतभर लाकूड, अलीकडे म्हातारा, पलीकडे पोर. रेश्मा काहीतरी बोलली. तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते.

"मला ऐकू येत न्हाय, बाई," ते तसेच गाल न उचलता म्हणाले. "दोन वर्सं झाली. कुणाला बोललो न्हाय."

रेश्मा बाजेच्या जरा जवळ सरकली. मग तिनं पुन्हा वाजवायला घेतलं, जरा जोरात, जाड तारांवर.

संध्याकाळच्या गाडीनं राजेसाब घरी आले. अजीजाबींनी चहा ठेवला आणि बशीत दोन लवंगा. राजेसाबांनी बशी बाजूला सारली. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, ते आता बंद होईना. दाढेला काही झालेलं नाही, कान गेलेत, दोन वर्षं तुझ्यापासून लपवलं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

अजीजाबींनी चहा बशीत ओतला.

"मेरेकू पैले दिन से मालूम हाय," त्या म्हणाल्या. "टीवी का आवाज कौन बढाता, मैं क्या?"

मग तीन आठवडे लवंगा कशाला चारल्यास, असं राजेसाबांनी जरा चिडूनच विचारलं.

"तुमे दाढ बोले," त्या म्हणाल्या, "तो मैं दाढ की दवा दी."

राजेसाब काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण त्यांची नजर बायकोच्या बसण्याकडे गेली. घरातही ती त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. इथं तर डावीकडे खिडकी नव्हती आणि वारंही नव्हतं. ते आठवू लागले. जेवताना, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, रिक्षात, गेली दोन वर्षं ही बाई कधी त्यांच्या डावीकडे बसलीच नव्हती.

त्यांनी बशीतली एक लवंग उचलून तोंडात टाकली.