नाबिफोनं चुकून घेतलेलं नाव

मसाबा डोंगराच्या पोटातली आग कधीच विझली. आता त्याच्या अंगाखांद्यावर केळी आणि कॉफी पिकते, आणि उतारावरच्या गावांत बाळाचं नाव ठेवायचं झालं की नाबिफोला बोलावतात. रडणाऱ्या बाळापुढे ती मेलेल्या पूर्वजांची नावं एकेक करून घेते. ज्या नावाला बाळ गप्प होईल, तो पूर्वज परत आला म्हणायचं आणि तेच नाव ठेवायचं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिचा स्वतःचा नातू मात्र वस्ताद निघाला. पणजे झाले, खापरपणजे झाले, ज्या चुलतसासऱ्याशी तिचं उभ्या जन्मात पटलं नाही त्याचंही नाव घेऊन झालं. कार्ट्याचा भोंगा चालूच. नाबिफो वैतागली. दाराकडे तोंड करून ओरडली, "मुडोमा! अरे, घे बाबा तुझं पोर!"

बाळ गप्प झालं.

मुडोमा तिचा एकुलता एक मुलगा. पहाटेच तो बांबूचे कोंब आणायला डोंगरात गेला होता, हे ती रागाच्या भरात विसरली होती.

सून खालायीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हे काय केलंत? ते जिवंत आहेत!"

"चुकून गेलं गं तोंडातून. ती नुसती हाक होती." नाबिफो घाईघाईनं म्हणाली.

तेवढ्यात वरून धडधड ऐकू आली. पावसानं भिजलेला अख्खा उतार कोंबांच्या वाटेवर कोसळला होता. शेजारणी अंगणात जमल्या आणि रडारड सुरू झाली. नाबिफो रडली नाही. आजवर तिनं लावलेलं एकही नाव खोटं ठरलं नव्हतं, आणि आज त्याचीच तिला धडकी भरली होती.

दिवस कलताना मुडोमा कमरेपर्यंत चिखलानं माखून अंगणात आला. रडणाऱ्या बायका बघून घाबरला. "कोण गेलं?"

"तू!" एक शेजारीण कशीबशी म्हणाली.

"मी? मी लांबच्या वाटेनं उतरलो. आई, अगं कोंब गेले, मी आहे!"

नाबिफोनं त्याला दोन धपाटे घातले, आणि मग त्याचा चेहरा चाचपला.

बाळाचं नाव मुडोमाच राहिलं; दुसऱ्या कुठल्याच नावाला ते गप्प होईना. लेकाला मात्र तिनं पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. "ए", "ऐकलंस का", फार तर "बाळाच्या बापा". एकदा जेवताना त्यानं हसत विचारलं, "आई, माझं नाव घेतलंस तर काय जीभ झडेल?"

नाबिफोचा घास हातातच राहिला.

"एकदा घेतलं होतं," ती म्हणाली. "अजून धडधड ऐकू येते."